छत्तीस आऱ्यांचं चाक

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

मागचं चाक गेलं. दूधही गेलं. गुडघा फुटला, पण तो माझाच आहे, त्याची तक्रार घेऊन कुठं जायला नको.

सकाळी सहाला डेअरी सोसायटीतून कॅन घेतली, कॅरेजला बांधली आणि नेहमीसारखी तलावाच्या कामावर निघाले. झोपेत हातावर भार आला असेल. उठल्यापासून उजवा हात बधिर होता. ओढ्याच्या उतारावर ब्रेकसाठी पेडल उलटं दाबलं, तर मागच्या चाकात कट्‌ असा आवाज झाला, चाक जागीच आवळलं आणि मी कॅनसकट रस्त्यात. दहा लिटर दूध मातीनं बघता बघता पिऊन टाकलं. दोन पावसाळे उपाशी असलेली माती, तिला तरी काय बोलणार?

तलावावर चारशे माणसं खडी फोडतात, माती वाहतात. त्यांतल्या बायांची एकतीस मुलं पत्र्याच्या शेडमध्ये असतात. ते पाळणाघर मी चालवते. सरकारनं नेमलं म्हणून नव्हे. जानेवारीत एका तान्ह्या पोरीच्या पायावर खडीची पाटी पडलेली पाहिली म्हणून. मुकादमाचा नियम असा की, सातच्या हजेरीला शेड उघडी हवी, दूध आलेलं हवं, मुलं आत हवीत. नाहीतर लेकुरवाळ्या बायांना त्या दिवशी काम नाही. हा नियम मीच भांडून करून घेतला, मुलं उन्हात पडू नयेत म्हणून. आज तो माझ्यावरच उलटला. मी लंगडत पावणेनऊला पोचले तेव्हा एकोणीस बाया परतीच्या वाटेला लागल्या होत्या. एकीनंही मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

१३ फेब्रुवारी

एस.टी. स्टँडसमोरच्या शांतलिंगच्या दुकानात सायकल नेली. त्यानं मागचा हब, म्हणजे चाकाच्या मधला तो लोखंडी गड्डा, खोलून फडक्यावर मांडला.

"बाई, ह्यो नुस्ता हब न्हाय. ब्रेकबी ह्येच्या पोटातच हाय. आतली नळी फुटली, नि पोटाला चीर गेली."

"मग दुसरा घाल."

"घालतो की. पन भोकं मोजा आदी."

मोजली. छत्तीस. त्यानं स्वतःच्या फळीवरचा हब हातात दिला. चाळीस.

"चार भोकांनी काय बिघडतं?"

"तुमची रिम छत्तीसची, हब चाळीसचा. उरल्याल्या चार तारा काय हवंत अडकवू?"

आपल्याकडे मागच्या चाकाला चाळीस आरे असतात. माझी सायकल जर्मन. नर्सिंग संपवून १९३४ साली हैदराबाद सोडलं तेव्हा कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अगाथांनी स्वतःची मला दिली. तिला हाताचा ब्रेक नाहीच. शांतलिंग म्हणतो, रिम आणि हब दोन्ही बदलू, हाताचे ब्रेक लावू, काम एका दिवसाचं. मी म्हटलं, एकोणचाळीस वर्षं पायानं थांबत आले, आता हातानं थांबायला शिकणार नाही. पायाच्या ब्रेकचा, छत्तीस छिद्रांचाच हब शोध.

"आपल्या लोहाऱ्यात?" एवढंच म्हणाला आणि हसला. हसायला याचं काय जातं?

१७ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवस आबारावांच्या जीपनं जातेय. आबाराव डेअरी सोसायटीचे चेअरमन. पाळणाघराला दूध सोसायटी देते आणि ते प्रत्येक भाषणात सांगितलं जातं. जीप बुधवारी सव्वाआठला आली, गुरुवारी आलीच नाही, काल आली ती आबारावांना घेऊन. त्यांनी वाटेत तीन ठिकाणी उतरून तीन लोकांना दुष्काळ समजावून सांगितला.

तरी एक चमत्कार आहे. मी कधीही पोचू दे, दूध आधीच वाटलेलं असतं आणि बाया कामावर असतात. हे मथुराबाईचं काम. पाळणाघरात माझ्या हाताखाली असते; भीमनगरची, सातवी पास, तिशीची, दोन मुलांची आई.

"कॅन आणतेस कशी गं?"

"डोक्यावर, बाई. चालत."

"दोन कोस?"

"सवं हाय."

डेअरी सहाला उघडते आणि सातला दूध तलावावर असतं. म्हणजे ही बाई डोक्यावर दहा लिटर घेऊन पळते. असल्या हाडापेराच्या बायका आहेत म्हणून हा जिल्हा उभा आहे, चेअरमन आहेत म्हणून नव्हे.

संध्याकाळी सोसायटीत बोलावून आबारावांनी मला हब भेट दिला. संचालक मंडळानं एकमतानं ठराव केला होता. हबाला झेंडूचा हार घातला होता. या दुष्काळात झेंडू कुठून मिळाला ते विचारलं नाही. हार काढून छिद्रं मोजली.

शांतलिंगला दाखवला. तो म्हणाला, "ठराव मंजूर, बाई. पन भोकं चार जास्तीची."

२४ फेब्रुवारी

सोलापूरला जाऊन आले. जुन्या लोखंडाच्या बाजारात दिवसभर फिरले. सायकलवाले आधी मला टाळत होते, मग छिद्रं मोजायला लागल्यावर ऐकू लागले. शेवटी एका म्हाताऱ्यानं पोत्यातून छत्तीस छिद्रांचा हब काढला. मी तिथंच बसकण मारली. पण आत ब्रेक नव्हता. साधाच.

"रिमंला बसंल," तो म्हणाला.

"मला बसणार नाही," मी म्हटलं. तरी घेतला. एवढं फिरल्यावर रिकाम्या हातानं येणं जिवावर आलं.

स्टँडवर चहाची कपबशी हातातून सुटली. हॉटेलवाले तेलकट फडक्यानं पुसतात, दुसरं काय! त्याला चांगलं सुनावलं. घरी येऊन सिस्टर अगाथांना हैदराबादला पत्र लिहिलं. त्या आता सत्तरीच्या आहेत, पण त्यांच्याकडची कुठलीही वस्तू कधी वाया जात नाही. पेनाचं निब बिघडलंय. अक्षर पाहून त्यांनी मला पुन्हा पहिलीत बसवलं असतं.

१ मार्च

शांतलिंग म्हणतो, सोलापूरचा हब घालतो, हाताचे ब्रेक लावतो, एकदा दाबून तर बघा. त्याच्या भाड्याच्या सायकलीपाशी मला नेऊन उभं केलं.

"दाबा बगू. ह्या हातानं."

"दाबतेय की."

"लिव्हर हललीच न्हाय, बाई."

"गंजली आहे तुझी लिव्हर. लोकांकडून तासाचं भाडं घेतोस आणि तेलाचा थेंब घालत नाहीस!"

त्यानं गुमान तेल घातलं. तरी कडकच. मग त्यानं एका बोटानं दाबून दाखवली आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. मी हात पदराखाली घेतला.

"डाक्टरला दावलं का?"

"चौतीस वर्षं डॉक्टरांना काय दाखवायचं ते मीच दाखवत आले," मी म्हटलं.

त्याची दृष्टी मला आवडली नाही. वॉर्डात नवीन नर्स रोग्याकडे तसं बघायची तेव्हा मी तिला बाहेर काढायची.

५ मार्च, सोमवार

आज एक वाईट गोष्ट दिसली. मुलांना आंघोळ घालताना मथुराबाईनं लुगडं वर खोचलं. दोन्ही नडग्यांवर काळेनिळे वळ. कोपर सोललेलं. तळहाताला खरचटलेलं, आणि पदराला कसलंसं काळं तेल.

"पडले, बाई."

"कुठं?"

"हितंच."

"दोन्ही नडग्यांवर? रोज?"

बत्तीस वर्षं या जिल्ह्यात घरोघर फिरलेय. 'पडले' या शब्दाचा अर्थ मला शिकवायला नको. तिचा नवरा सिदू तलावावर माती वाहतो. हसतमुख आहे. हसतमुखांवर माझा मुळीच विश्वास नाही.

६ मार्च

दुपारच्या सुट्टीत सिदूला गाठलं. चाळीसएक माणसं भाकरी खात बसली होती. मी आवाज खाली केला नाही. म्हटलं, जी बाई डोक्यावर दूध घेऊन दोन कोस पळते, परक्याच्या पोरांचे शेंबूड पुसते, तिच्या नडगीवर मारतोस? लाज नाही?

त्यानं मथुराबाईकडे पाहिलं. तिनं मान किंचित हलवली. तो म्हणाला, "चुकलं, बाई."

एवढं सहज! मी तासभर भांडायच्या तयारीनं गेले होते. लोक हसू दाबत होते. या लोकांना असल्या गोष्टींचं हसू येतं हेच तर दुखणं आहे. शेडमध्ये आल्यावर मथुराबाई डोळ्याला पदर लावून बसली होती. खांदे हलत होते. मी तिला रडू दिलं.

१४ मार्च

हैदराबादचं पार्सल आलं. सिस्टर अगाथांच्या जुन्या माळ्याची सायकल गोठ्यात पडून होती, तिचा हब. पायाचा ब्रेक, छत्तीस छिद्रं. सोबत दोन ओळी: 'हब पाठवत आहे. तुझं अक्षर बघून काळजी वाटली. उत्तर लिही.' लिहीन. आधी सायकल.

शांतलिंगनं चाक बांधताना मला स्टूल दिलं. एकेक आरा हबातून ओवायचा, एक आतून, एक बाहेरून, तीन ओलांडून चौथ्याला छेद द्यायचा. सगळे ओवून झाले तरी चाक ढिलं, लुळं. मग चावीनं पाव पाव आटा ताणत आणायचं. फिरवून बघायचं, कुठं डुलतंय, तिथं अर्धा आटा. याला तो 'आऊट काढणं' म्हणतो. दोन तास तो बोलला नाही आणि, नोंद करण्यासारखी गोष्ट म्हणजे, मीही बोलले नाही.

शेवटी चाक फिरवलं. रेघ मारल्यासारखं सरळ.

"बसला बगा. जनू ह्येच्याचसाठी केल्ता."

मला फार थकल्यासारखं झालं. आनंदच असावा.

१८ मार्च, रविवार

आज सायकल चालवून बघितली. लिहायचं नव्हतं. पण डायरीत खोटं लिहायचं तर डायरी ठेवायचीच कशाला?

दुकानासमोर मोकळी जागा आहे. शांतलिंग होता. मथुराबाई आणि सिदूही आले होते, बाजाराला म्हणाले. मी डाव्या पायानं नेहमीसारखा रेटा दिला आणि बसले. पहिली चार पावलं ठीक. मग हँडल आपोआप डावीकडे वळायला लागलं. उजव्या मुठीनं धरलंय असं मला वाटत होतं. बघितलं तर मूठ उघडीच होती. पेडल उलटं दाबायला गेले तर उजवा पाय पेडलवरून घसरून खाली लोंबकळत होता. मला तो घसरलेला कळलाही नव्हता.

सिदूनं मला झेललं. ज्याची मी चाळीस माणसांत लाज काढली, त्यानं.

शांतलिंग ओरडला, "मथुराबाई, सायकल घे बाजूला, एस.टी. आली!" आणि तिनं काय करावं? सायकल उचलून धरली, कासोटा सावरला, सरळ बसली आणि चालवत निघाली! जन्मभर चालवत आल्यासारखी. दहा पावलांवर थांबायच्या आधी तिनं पेडल सवयीनं मागं फिरवलं; भाड्याच्या सायकलीचं ते मोकळंच फिरतं. पायाचा ब्रेक लागला, चाक आवळलं आणि ती पुढच्या पुढं. उठली तेव्हा पेडलचा मार नडगीवर उमटलेला होता. तोच वळ. माझ्या डोळ्यांदेखत.

मी स्टुलावर बसले.

"कधीपासून?"

"तुमी पडला त्याच्या दुसऱ्या दिसापासनं," सिदू म्हणाला. "शांतलिंगअण्णा दुकान उगडायच्या आदी भाड्याची सायकल देत्यात. म्या वड्याच्या वाळूत शिकिवली. पयले आठ दिस म्या मागनं धरून पळायचो."

"मला का नाही सांगितलं?"

मथुराबाई म्हणाली, "तुमची सायकल बंद, नि म्या चालवायची. बरं न्हाय दिसत ते."

"आणि तू माझ्या शिव्या का खाल्ल्यास रे?"

"त्याला काय, बाई. मुकादमापरीस तुमची शिवी साफ असती. कळती तरी."

तिघंही हसले. म्हणजे ती त्या दिवशी शेडमध्ये हसत होती. मी तिला पाणी नेऊन दिलं होतं!

मग मी म्हटलं, सहाला निघून सातला कशीबशी का पोचतेस? सायकलनं अर्धा-पाऊण तास पुरे. ती म्हणाली, भीमनगरच्या मागून, ओढ्याच्या वळणानं जाते. या महिन्यात दोनदा उशीर झाला; त्या दिवशी बाया परत गेल्या.

"गावातून का जात नाहीस? सरळ रस्ता आहे."

"पार लागतो की, बाई."

"मग?"

"पारापशी उतरावं लागतं. कॅन बांधल्याली सायकल ढकलायची, परत चढायचं... त्यापरीस मागनं बरं. नि लोकं बसल्याली असत्यात."

मी विचारलं, का उतरावं लागतं. तिघांनीही खाली बघितलं. शांतलिंग चावी पुसायला लागला. बत्तीस वर्षं मी त्या पारावरून सायकल नेली. तिथं कुणी उतरायचं असतं आणि कुणी नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, कारण मला उतरायचं नव्हतं.

१९ मार्च

दोन्ही हबांचा विचार करत दुपारभर पडून राहिले. एक चाकात बसवलेला, हैदराबादचा. एक खिडकीत, सोलापूरचा.

उजवा हात बधिर. उजवा पाय ओढतोय. जीभ अजून शाबूत आहे, याबद्दल गावाला माझी साक्ष नको. दुसऱ्या कुणी ही लक्षणं सांगितली असती तर मी पहिल्याच दिवशी ओळखली असती आणि पाच आठवडे कपबशीला, निबाला, लिव्हरला दोष देणाऱ्या त्या मूर्ख बाईला फैलावर घेतलं असतं. बास. याहून जास्त लिहिणार नाही.

२० मार्च

शांतलिंगला म्हटलं, जर्मन हब काढ, सोलापूरचा घाल. हाताचे ब्रेक लाव.

तो बघतच राहिला. "बाई, एवढा मुलुख पालथा घालून आनलात, चाकात बसलाय..."

"चाकात बसला. मथुराबाईला बसत नाही. ती पेडल मागं फिरवते. तिची सवय मोडेपर्यंत एकतीस मुलांचं दूध सांडायचं का?"

"आन् तुमी?"

"मी जीपनं येईन. नऊला. आबारावांचं भाषण ऐकत."

त्यानं पुन्हा छत्तीस आरे काढले. साध्या हबाला जरा लांब तारा लागतात. त्या त्यानं बाजूला काढून ठेवलेल्याच होत्या. किती दिवसांपासून, ते विचारलं नाही.

२१ मार्च

आबाराव घरी आले. गावात बातमी पोचली होती.

"सिस्टरबाई, सायकल दिली, लई चांगलं केलं. फक्त तिला सांगा, मागल्या वाटंनं जात जा म्हणावं."

"मागच्या वाटेनं उशीर होतो. उशीर झाला की बायांचं काम जातं."

"मग पारापाशी दोन मिन्टं उतरायला काय हुतंय? जुनी रीत हाय. मला काय न्हाय त्याचं, पन लोकांच्या डोळ्यावर येतं. आन् दूध सोसायटीचं हाय, एवढं ध्यानात असू द्या."

मी म्हटलं, "आबाराव, तुमची सोसायटी हबासाठी ठराव करते. तसाच याचाही करा. 'मथुराबाईनं पारापाशी सायकलवरून उतरावं, न उतरल्यास मुलांचं दूध बंद करावं.' खाली सगळ्या संचालकांच्या सह्या घ्या. कलेक्टर साहेबांना मी स्वतः नेऊन देते, हार घालून."

ते चहा न घेता गेले. तीन वेळा 'तसं न्हाय हो, बाई' म्हणाले. कसं आहे ते एकदाही म्हणाले नाहीत.

पण दूध खरंच बंद केलं तर? मी माझं भांडण त्या मुलांच्या पेल्यात तर ओतत नाही ना? मथुराबाईला बोलावून सगळं सांगितलं. म्हटलं, तू ठरव. मागनं जाते म्हणालीस तरी माझी ना नाही. ती मागचं चाक हातानं फिरवत बसली. मग म्हणाली, "सात वाजता पोचायचं हाय ना, बाई? मग सरळच जाते."

२२ मार्च, गुरुवार

सहाच्या आधी पारावर जाऊन बसले. चालत जायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. बाईमाणूस तिथं बसत नाही. सातआठ जणांनी सरकून इतकी जागा दिली की मी आडवी झाले असते. आबाराव टेकून उभे होते. कुणी बोललं नाही. मीही नाही, आज माझं बोलणं तिच्या आड आलं असतं.

ती डेअरीकडून आली. मागं कॅन, डोक्यावरून पदर. तिला आम्ही सगळे दिसलो. पाराच्या अलीकडे वेग कमी झाला. बोटं ब्रेकवर गेली. एक पाय पेडलवरून सुटला आणि जमिनीच्या वीतभर वर तरंगत राहिला. मला ओरडावंसं वाटलं. तोंड मिटून धरलं, आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा.

पाय परत पेडलवर गेला. ती आमच्यासमोरून गेली. कुणीतरी खाकरलं. आबारावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. त्यांच्या मनात काय होतं मला कळलं नाही, त्यांनाही कळलं असेल असं नाही.

मी बसूनच राहिले. माझी सायकल माझ्यापासून दूर जाताना कशी दिसते, हे एकोणचाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मागचं चाक सरळ चाललं होतं. तेवढं बघून दवाखान्यात गेले. डॉक्टर नऊला येतात, बाकावर बसले.

संध्याकाळी मथुराबाई सायकल लावायला आली. पावणेसातला पोचली. मुकादम अजून तोंड धूत होता. एकतीसच्या एकतीस मुलं आत, एकही बाई परत गेली नाही. उद्याचं दूध सोसायटीनं देऊ केलंय. परवाचं परवा बघू.

मी विचारलं, "पारापाशी भीती वाटली का गं?"

"वाटली की," ती म्हणाली. "हात ब्रेकवरच व्हता. पन दाबला असता, तर उतरावं लागलं असतं."